चार पायऱ्या आणि शंभर टक्के संमती

प्रश्न : पाठीच्या कण्याच्या दुखापतीमुळे मी तीन वर्षांपासून व्हीलचेअरवर आहे. फ्लॅट चौथ्या मजल्यावर, माझ्याच नावावर. लिफ्ट आहे, पण पार्किंगमधून लिफ्टपर्यंत चार पायऱ्या आहेत. वॉचमन आणि जो सापडेल तो मला रोज खुर्चीसकट उचलतात. दिव्यांगांच्या कायद्याचा आधार देऊन अर्जात रॅम्प मागितला, तर सेक्रेटरी म्हणतात, तो कायदा सरकारी इमारतींसाठी आहे. हवाच असेल तर सगळ्या सभासदांची लेखी संमती आणा. शिवाय रॅम्पच्या जागेवर एका सभासदाने बिल्डरकडून ‘विकत घेतलेलं’ स्टिल्ट पार्किंग (इमारतीखालच्या खांबांमधली गाडीची जागा) आहे. काय करू?

उत्तर : सेक्रेटरींचं म्हणणं अगदीच चूक नाही, म्हणून ते आधी नीट बघू. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मधलं कलम ४५ जुन्या ‘सार्वजनिक इमारती’ सुगम्य, म्हणजे दिव्यांगांना वापरता येतील अशा, करायला सांगतं. त्यात खासगी इमारतीही येतात, पण लोकांची ये-जा असलेल्या : शाळा, दवाखाने, दुकानं, कार्यालयं. राहत्या सोसायटीला ही व्याख्या लावायला गेलात तर वाद तिथेच अडकेल. तुमच्या आधीच्या अर्जात नेमका याच कलमाचा आधार आहे. तो सोडा.

तुमचा रस्ता दुसरा आहे. याच कायद्यात ‘खासगी आस्थापना’ म्हणजे काय ते सांगताना कंपनी, फर्म यांच्याबरोबर ‘सहकारी किंवा अन्य संस्था’ असे शब्द आहेत. तुमची सोसायटी नोंदणीकृत सहकारी संस्थाच आहे. आणि ‘भेदभावा’च्या व्याख्येत वाजवी सोयीसुविधा नाकारणं स्पष्टपणे धरलेलं आहे. वाजवी म्हणजे दुसऱ्या बाजूवर अवाजवी बोजा न टाकणारी. चार पायऱ्यांवरचा उतार हा अख्ख्या सोसायटीवर अवाजवी बोजा कसा, ते त्यांनी सांगायचं आहे. तेव्हा नव्या अर्जात ‘रॅम्प बांधून मिळावा ही विनंती’ लिहू नका. ‘वाजवी सोयीची मागणी’ लिहा, भेदभावाला मनाई करणाऱ्या कलम ३ चा उल्लेख करा, सोबत दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र किंवा यूडीआयडी कार्डाची (दिव्यांगांच्या सरकारी ओळखपत्राची) प्रत जोडा. दिव्यांगत्वाच्या टक्केवारीची चिंता नको. ४० टक्क्यांची अट आरक्षणासारख्या लाभांना आहे, या मागणीला नाही.

संमतीचं म्हणाल, तर सर्वसाधारण सभेत ठराव बहुमताने होतात. शंभर टक्क्यांची अट कोणत्या उपविधीत (सोसायटीच्या नियमात) आहे, एवढा एकच प्रश्न लेखी विचारा आणि पोच घ्या. माझा अनुभव असा, की या प्रश्नाला सहसा उत्तर येत नाही. न आलेलं उत्तरही पुढे पुरावा म्हणून चालतं.

पार्किंगची अडचण दिसते तेवढी मोठी नाही. नहालचंद लालूचंद विरुद्ध पांचाली सहकारी गृहनिर्माण संस्था या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये सांगितलं, की स्टिल्ट पार्किंग ही सामाईक जागा आहे, बिल्डरला ती वेगळी विकता येत नाही. त्या सभासदाकडे पावती असेल, मालकी नाही. जागेचं वाटप सोसायटी करते, बदलूही शकते. तरी त्यांना दुसरी जागा सुचवून अर्जात तसं लिहा. शेजारी राहायचंय, खटला जिंकून उपयोग काय?

आता रॅम्पबद्दल, कारण इथेच बहुतेक प्रकरणं बिघडतात. तुम्ही पाठवलेल्या फोटोत टेप धरलेली दिसते : चार पायऱ्या मिळून ६० सेंटीमीटर. कमिटीतल्या कुणीतरी ‘दोन मीटरचा उतार काढू’ म्हटल्याचं तुम्ही लिहिता. तो हरगिज मान्य करू नका. मान्य उतार १:१२ चा, म्हणजे ६० सेंटीमीटर चढायला ७.२ मीटर लांबी लागते. दोन मीटरच्या उतारावर खुर्ची मागे कलंडेल, आणि ‘रॅम्प दिला होता, त्या वापरत नाहीत’ असा शेरा तुमच्यावरच येईल. सरळ जागा नसेल तर मध्ये वळण घेऊन ३.६ मीटरचे दोन टप्पे करता येतात. वळणावर आणि लिफ्टच्या दारासमोर खुर्ची फिरेल अशी दीड मीटरची सपाट जागा हवी. रुंदी किमान १.२ मीटर, दोन्ही बाजूंना ७६ आणि ९० सेंटीमीटरवर कठडे. तेही बसत नसेल तर प्लॅटफॉर्म लिफ्ट, म्हणजे खुर्चीसकट वर उचलणारा फलाट. नकाशा परवानाधारक आर्किटेक्टकडूनच काढून घ्या. पालिकेच्या परवानगीचं आणि अग्निशमनाच्या मार्गाचं तेच बघतील.

खर्च कुणी करायचा? मागणी सोसायटीच्या निधीतूनच करा. तुम्ही वाटा उचलायला तयार असाल तर ‘हक्क अबाधित ठेवून’ हे तीन शब्द लिहायला विसरू नका. आणि ‘माझ्या खर्चाने माझा रॅम्प’ असं कुठेही लिहून देऊ नका, नाहीतर उद्या फरशी निखळली की दुरुस्तीही तुमच्याच गळ्यात.

महिनाभरात ठराव झाला नाही तर राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार करा. साक्षीदार बोलावण्याचे, कागदपत्रं मागवण्याचे दिवाणी न्यायालयाचे अधिकार त्यांना आहेत. त्यांचा निर्णय शिफारशीच्या रूपात येतो, पण त्यावर काय केलं हे तीन महिन्यांत कळवावं लागतं. कायदा मोडल्याबद्दल कलम ८९ खाली पहिल्यांदा १०,००० रुपयांपर्यंत दंड आहे, पुन्हा मोडला तर ५०,००० ते ५ लाख. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम ९१ खाली सहकार न्यायालयाचा मार्गही आहे, पण तो लांबचा. मी तो मागे ठेवीन. सुनावणीत कुणी रॅम्पच्या मापांबद्दल ‘हे तर नुसते मार्गदर्शक निकष’ म्हणालं, तर राजीव रतुरी खटल्यातला सर्वोच्च न्यायालयाचा ८ नोव्हेंबर २०२४ चा निकाल दाखवा. सुगम्यतेचे निकष ऐच्छिक ठेवणं मूळ कायद्याशी विसंगत आहे, असं त्यात म्हटलं आहे.

तोवर एक वही ठेवा : कोणत्या दिवशी कुणी उचललं, किती वेळ खाली थांबावं लागलं, कोणती अपॉइंटमेंट चुकली. आणि उचलणाऱ्यांना सांगा, खुर्चीच्या आर्मरेस्टला धरू नका, फ्रेमला धरा. आर्मरेस्ट निघून हातात येतात.