डिप्लोमानंतर थेट दुसऱ्या वर्षाला गेलो तर निभाव लागेल का?

तुमचा प्रश्न असा: नागपुरात मेकॅनिकलचा डिप्लोमा झाला, टक्के चांगले आहेत, पण इंजिनिअरिंगच्या डिग्रीला ‘डिप्लोमावाले एम-थ्रीत (तिसऱ्या सेमिस्टरच्या गणितात) अडकतात’ असं सगळे सांगतात, ते खरं का?

अडकतात, हे खरं. पण कारण डोक्याचं नाही, मध्ये पडलेल्या खंडाचं आहे. बहुतेक शाखांत डिप्लोमाचं गणित दुसऱ्या सेमिस्टरला संपतं. पुढची दोन वर्षं इंटिग्रेशनला हात लागत नाही आणि तिसऱ्या सेमिस्टरला एकदम लाप्लास ट्रान्सफॉर्म आणि फूरिए सिरीज हे गणिताचे भाग समोर येतात. इन्व्हर्स लाप्लास चुकतो तो बहुधा पार्शल फ्रॅक्शनमध्ये, फूरिएचं गणित फसतं ते इंटिग्रेशन बाय पार्ट्समध्ये. हे दोन्ही तुम्ही शिकलेले आहात, फक्त गंजलंय. पार्शल डिफरन्सिएशन मात्र तुमच्यासाठी नवं. बारावीवाल्यांचं ते पहिल्या वर्षी झालेलं असतं, म्हणून वर्गात कुणी थांबून शिकवणार नाही.

त्यात कॅपच्या, म्हणजे केंद्रीय प्रवेशाच्या, फेऱ्या लांबतात. तुम्ही वर्गात पोचता तेव्हा एखादं युनिट संपलेलं असतं, पहिली सेशनल (कॉलेजची अंतर्गत परीक्षा) तोंडावर असते. म्हणून निकाल लागल्यापासून अलॉटमेंटपर्यंतचे आठवडे वाया घालवू नका. रोज दीड तास, याच क्रमाने: पार्शल फ्रॅक्शन, इंटिग्रेशन, पार्शल डिफरन्सिएशन, मग पहिल्या-दुसऱ्या ऑर्डरची डिफरन्शियल इक्वेशन्स. पुस्तक एम-वनचं (पहिल्या सेमिस्टरच्या गणिताचं) घ्या, एखाद्या सीनियरकडे पडलेलं असतंच. ब्रिज कोर्स (राहिलेलं गणित भरून काढणारा छोटा वर्ग) कॉलेजने ठेवला तर करा, पण त्याच्या भरवशावर राहू नका.

बाकी विषयांत तुमचंच पारडं जड. मशीन ड्रॉइंग, वर्कशॉप, व्हायवा यांत बारावीवाले तुमच्याकडे विचारायला येतील. एसओएममध्ये (स्ट्रेंग्थ ऑफ मटेरियल्स) बेंडिंग मोमेंटचे डायग्राम तुम्हाला येतात, पण डिग्रीत सूत्र कुठून आलं तेही लिहावं लागतं. डिप्लोमातली नुसतं सूत्र वापरून उत्तर काढायची सवय इथे गुण घालवते. डेरिव्हेशन वाचू नका, वहीत उतरवा.

आणखी एक. तुमचा सीजीपीए (सगळ्या सेमिस्टरची मिळून सरासरी) सहाच सेमिस्टरचा, इतरांचा आठचा. तिसऱ्या सेमिस्टरला बॅक राहिली, म्हणजे विषय सुटला नाही, तर ती भरून काढायला जागा कमी.

थेट दुसऱ्या वर्षाच्या जागांचं म्हणाल, तर मंजूर जागांच्या दहा टक्के जास्तीच्या, शिवाय पहिल्या वर्षाच्या रिकाम्या राहिलेल्या. नागपूरच्या व्हीएनआयटीचं (तिथली एनआयटी) नाव या प्रवेशाच्या यादीत शोधू नका, तिथला बीटेक प्रवेश जेईई मेनवरून पहिल्याच वर्षाला होतो.