आधी विचार, चूल कोणी पेटवली

चि. मुली,
अनेक आशीर्वाद.

जादूच्या, ऊबदार गोष्टींच्या पुस्तकांची तुझी यादी पाहिली. चौदा नावं. त्यातली चार पुस्तकं विकत घेतलीस, एकाही पुस्तकात साठाव्या पानापुढे गेली नाहीस, आणि आता मला विचारतेस, मावशी, पाचवं कोणतं घेऊ? तुझ्या निरोपाच्या या भागाचा मला रागच आला. पण त्याच्याखाली तू लिहिलंयस, "सगळ्यात चहा असतो, मांजर असतं, चेटकीण प्रेमळ असते, आणि मला जांभई येते. माझंच काही बिघडलंय का?" हे वाचून राग गेला. रात्री साडेअकराला खोलीवर येऊन, डब्यातली गार पोळी खाऊन जी मुलगी असं विचारते, तिला एका ओळीत उत्तर देणं बरं नव्हे. म्हणून हे पत्र.

बिघडलंय ते त्या पुस्तकांचं, आणि तेही सगळ्यांचं नाही. ओळखायचं कसं ते सांगते. वाचनालय चालवताना माझ्याकडे ही एकच कसोटी होती, दुसरी कधी लागली नाही. गोष्टीत ऊबदार खोली आली की थांबायचं आणि विचारायचं, ही चूल कोणी पेटवली? लाकडं कोणी आणली, राख कोण काढणार, खरकटं कोण उचलणार? याचं उत्तर पुस्तकात असेल तर पुढे वाच. नसेल तर ती जादू नव्हे, नुसती सजावट आहे, आणि सजावटीसमोर जांभई येणं हे शाबूत डोक्याचं लक्षण आहे.

तुझ्या यादीत डायना विन जोन्सची 'हाउल्स मूव्हिंग कॅसल' अकराव्या नंबरावर आहे. ती आधी वाचायला घे. 1986ची कादंबरी. त्यावरचा जपानी सिनेमा तू पाहिला असशील, तो विसर. सोफी टोप्यांच्या दुकानात काम करते, एक चेटकीण तिला म्हातारी करून टाकते, आणि ती हाउल नावाच्या जादूगाराच्या चालत्या वाड्यात शिरते. शिरल्यावर काय करते? झाडू घेते. जळमटं काढते. चुलीत कॅल्सिफर नावाचा अग्निराक्षस बसलेला असतो. वाडा चालतो तो त्याच्या जिवावर, आणि हाउलशिवाय कुणालाही तो आपल्यावर काही शिजवू देत नाही. सोफी त्याला दमात घेते आणि तवा ठेवते. बघ, इथे चूलच बोलते! कुरकुरते, अडवून धरते, करारातून सोडव म्हणून सोफीच्या मागे लागते. तो करार काय आहे ते मी सांगणार नाही, पण त्या वाड्यातल्या उबेची किंमत कोणीतरी मोजलेली आहे आणि कोणी मोजली हे शोधण्यातच सगळी गोष्ट आहे. तुला जांभई येणार नाही. आली तर मला फोन कर, मी भांडेन.

दुसरी, एइको कादोनोची 'किकी'. 1985ची. तेरा वर्षांची चेटकीण वर्षभरासाठी घर सोडते आणि जिथे दुसरी चेटकीण नाही अशा गावात राहायला जाते. तिच्या आईला दोन जादू येतात, उडणं आणि शिंकांवरचं औषध करणं. किकीला एकच येते, कारण औषधी रोपं लावण्याइतका धीर तिच्याजवळ नाही. ती बेकरीवाल्या बाईंकडे राहते आणि लोकांची सामानं पोचवते. पैशाचा हिशेब फारसा नाही, ज्याला जे जमेल ते तो देतो. तू नोकरीसाठी या शहरात आलीस तेव्हा तुला पहिला आधार कोणाचा मिळाला, हे आठवत वाच. मला खात्री आहे, तो ऑफिसातला नसणार.

नवीन पुस्तकांना मी नावं ठेवते असं तुला वाटेल. ठेवते, पण सरसकट नाही. 'लेजंड्स अँड लाटेज'च्या कव्हरावरून मी तिला जवळजवळ बादच केलं होतं. तलवार खाली ठेवून कॉफीचं दुकान काढणारी ऑर्क, म्हटलं, घ्या, आता राक्षसीणही चहापाणी करणार. पण पहिली बरीच पानं पडक्या तबेल्याच्या डागडुजीत जातात. लाकूड कुठून आणायचं, सुतार कोण, ज्या गावाला कॉफी म्हणजे काय तेच ठाऊक नाही तिथे गिऱ्हाईक कसं आणायचं. तिथे चूल दिसते. पास.

आता ऋतूबद्दल, कारण ही पुस्तकं शरदातच वाचायची असंही तू खूळ घेतलंयस. यादीबरोबरच्या चित्रांत तांबडी पानं आहेत, भोपळे आहेत, खिडकीवर धुकं आहे. तू लोकरीची शाल पायावर घेऊन पुस्तकाचा फोटो काढलास, आणि त्याच फोटोत वर पंखा पूर्ण जोरात फिरतोय. अगं, आपल्याकडे पानं झडतात ती शिशिरात. आश्विनात पुण्याचं दुपारचं ऊन टाळू भाजतं आणि संध्याकाळी प्रभात रोडला बुचाच्या फुलांचा सडा असतो. शरदात वाचायची रीत शिकायला आपल्याला कुणाकडे जायला नको. का. र. मित्रांनी 'मनोरंजन' मासिकाचा दिवाळी अंक काढला 1909 साली. तेव्हापासून मराठी माणूस याच दिवसांत चकली खात भुताखेतांच्या आणि चमत्काराच्या गोष्टी वाचतोय. 'नवल' आणि 'धनंजय' हे दिवाळी अंक त्यासाठीच तर घरात यायचे.

आणि चकली तळत कोण होतं? आमच्या घरी अंक आला की आधी वडील, मग काका, मग आम्ही मुलं. आईच्या हातात तो तुळशीचं लग्न लागल्यावर पडायचा, पानांवर तेलकट बोटांचे ठसे आणि कोडं आधीच सोडवलेलं. तिला त्यातली कोणती गोष्ट आवडली हे घरात कुणी विचारलं नाही. ती गेल्यावर मला हे फार लागलं. माझी कसोटी कुठून आली असं तू मागे विचारलं होतंस ना, ती तिथून आली. तेव्हा ती हट्टाची आहे हे मान्य, उसनी नाही.

मला स्वतःला असं एक पुस्तक लिहायचं होतं. पेठेतला वाडा, विहिरीत कोणीतरी राहणारं, आणि एक आजी जिचं सारवण कधी वाळत नाही. सुरुवात केली होती. ते कागद कपाटात आहेत. वाचनालय, सासूबाईंचं आजारपण, दोन वेळचा स्वयंपाक, यात वेळ मिळाला नाही असं मी सगळ्यांना सांगते. खरंच मिळाला नाही. आमच्या समोरच्या बाईंनाही मिळत नव्हता आणि त्यांच्या दोन कादंबऱ्या आल्या, पण त्यांच्याकडे पोळ्यांना बाई होती. असो. चूल ज्याच्या गळ्यात पडते त्याला चुलीवर लिहायला सवड नसते, म्हणून निदान वाचताना तरी ती बघावी, एवढंच माझं म्हणणं.

तुझ्या वाचनकट्ट्यावरचा तो मित्र म्हणाला की ही सगळी पळवाट आहे. त्याला श्रावणी सोमवारची खुलभर दुधाची कहाणी सांग. राजाला गाभारा दुधाने भरायचा होता. दवंडी पिटली, गावाने धाकाने सगळं दूध आणून ओतलं, मुलंवासरं उपाशी राहिली, गाभारा काही भरला नाही. मग एक म्हातारी आली. घरचं काम आटपून, लेकरांना खाऊपिऊ घालून, गाईवासरांना चारा घालून, मग उरलेलं खुलभर दूध घेऊन. तिने ते ओतलं आणि गाभारा भरला. यात पळवाट कुठे आहे ते त्याने मला दाखवावं. आटपाट नगरातल्या बायकांनी हा हिशेब कधीच मांडून ठेवलाय: चमत्कार आधी विचारतो, घरात कोण उपाशी आहे?

वाचनालयात एक गृहस्थ यायचे, "डोक्याला ताप नको, काहीतरी गोड द्या." मी द्यायची नाही. त्यांनी वर्गणी परत मागितली, मी ती दिली, आणि जी पुस्तकं मी त्यांच्या हाती ठेवली होती तीच पुन्हा ठेवेन. लोक म्हणायचे, बाई हेकट आहेत, गिऱ्हाईक टिकत नाही. नाही टिकलं. पण जे टिकले ते अजून फोन करतात, पुस्तक वाचून झालं की अर्ध्या रात्री.

शेवटचं पुस्तक तुझ्या यादीत नाहीच. टूव्ह यान्सनचं 'मूमिनव्हॅली इन नोव्हेंबर', 1970. मूमिन नावाच्या गुबगुबीत काल्पनिक प्राण्यांच्या कादंबऱ्यांतली शेवटची. त्याच वर्षी लेखिकेची आई वारली. सहा जण मूमिनांच्या घरी जातात, उबेसाठी. छोट्या टॉफ्टला तर फक्त मूमिनआई हवी असते. आणि घर रिकामं! मंडळी कुठेतरी निघून गेलीत, पुस्तक संपत आलं तरी घरात कोणी नाही. मग त्या सहा जणांनाच, एकमेकांना वैतागत, भांडत, राहावं लागतं. त्यांच्यातली फिलीजाँक खिडकी पुसताना छपरावरून घसरता घसरता वाचलेली असते, तेव्हापासून तिला साफसफाईची दहशत बसलीय, आणि तरी स्वयंपाकघर तिच्याच वाट्याला येतं. जादू म्हणावी अशी फार थोडी. पण ऊब कोणी करून ठेवलीच नसेल तर काय होतं, हे इतकं स्पष्ट मी दुसरीकडे वाचलेलं नाही. तू खोलीवर एकटी राहतेस, म्हणून हे सगळ्यात शेवटी वाच, आणि सुट्टीच्या दिवशी वाच.

आता पाचवं पुस्तक विकत घेऊ नकोस. 'किकी' आणि मूमिन माझ्याकडे आहेत. मूमिन घराबाहेर देत नाही, इथे बसून वाचायचं. कोजागरीला ये. पण नऊला येऊन आयता पेला उचलायचा नाही. सहाला ये, दूध आटवायला दीड तास लागतो आणि माझा खांदा हल्ली साथ देत नाही. येताना चारोळी आण, घरातली संपलीय. तुझ्या त्या मित्रालाही आण, जायफळ किसायला कोणीतरी लागेलच.

तुझी,
मावशी