'गेलो होतो' म्हणजे दरवेळी 'हॅड गॉन' नव्हे

तुमचं लिहिणं वाचलं. इंग्रजीचे बारा काळ तोंडपाठ, व्ही वन-व्ही टू-व्ही थ्रीचा, म्हणजे क्रियापदाच्या तीन रूपांचा, तक्ता पाठ, आणि मुलाखतीत 'आय हॅड गॉन टू नाशिक लास्ट वीक' म्हणाल्यावर समोरचे 'अँड देन?' म्हणून वाट बघत राहिले. ही अडचण चांगलीच ओळखीची आहे. तुमचं पाठांतर कमी पडलेलं नाही. बहुतेक क्लासच्या वह्यांत 'होता-होती-होते आलं की हॅड' असं समीकरण लिहून देतात, सगळी गडबड तिथून सुरू होते. अशी वही मलाही मिळाली होती. ते डोक्यातून काढायला जेवढा वेळ जातो, तेवढ्यात अख्खा भूतकाळ नीट शिकून झाला असता. याचा मला खरंच राग आहे.

मराठीत 'मी काल पुण्याला गेलो होतो' हे अगदी साधं वाक्य आहे. जाऊन आलो, विषय संपला, एवढंच त्यातून कळतं. इंग्रजीत हॅड आला की ऐकणारा भूतकाळातली दुसरी, नंतरची घटना शोधू लागतो. ती मिळाली नाही की वाक्य अर्धवट वाटतं, म्हणून तो 'अँड देन?' तुमच्या वाक्याला साधं 'आय वेन्ट टू नाशिक लास्ट वीक' पुरेसं होतं.

हॅड तोंडात आला की स्वतःला विचारा: कशाच्या आधी? 'स्टेशनवर पोचलो तेव्हा गाडी सुटली होती' इथे उत्तर आहे, पोचण्याच्या आधी. म्हणून 'व्हेन आय रीच्ड द स्टेशन, द ट्रेन हॅड लेफ्ट'. इथे नुसतं 'लेफ्ट' म्हटलंत तर मी पोचलो आणि गाडी सुटली असा वेगळाच अर्थ निघतो. पण वाक्यात बिफोर किंवा आफ्टर असेल तर क्रम त्यातूनच कळतो, 'द ट्रेन लेफ्ट बिफोर आय रीच्ड' चालतं. उत्तर वाक्यात नाही, मागच्या बोलण्यातही नाही, तर हॅड नको.

तसंच 'काल आलोय'चं. मराठीत चालतं, पण 'आय हॅव कम यस्टरडे' चूक. यस्टरडे, लास्ट वीक, इन २०१९, टू डेज अगो असा संपलेला काळ सांगितला की हॅव बाद, 'आय केम यस्टरडे'. धिस वीक, टुडे, एव्हर, नेव्हर यांच्याबरोबर हॅव बसतो. (जस्ट, ऑलरेडी यांच्याबरोबर अमेरिकन लोक साधा भूतकाळही सर्रास वापरतात. परीक्षा ब्रिटिश पद्धतीची असेल तर हॅवच ठेवा.)

'पाच वर्षांपासून राहतोय' हे 'हॅव बीन लिव्हिंग फॉर फाइव्ह इयर्स'. 'पासून' दिसलं की लगेच सिन्स नको: मुदतीला फॉर, सुरुवातीच्या क्षणाला सिन्स.

आता क्रियापदं. ए टू झेड तक्ता माझ्या मते निरुपयोगी आहे, आवाजाप्रमाणे गट करा. न बदलणारी: पुट, कट, हिट, शट, कॉस्ट. शेवटी 'ऑट' येणारी: ब्रॉट, बॉट, कॉट, टॉट, थॉट. स्वर बदलणारी: सिंग-सँग-संग, रिंग, ड्रिंक, स्विम, बिगिन. मग टेक-टुक-टेकन, गिव्ह-गेव्ह-गिव्हन. कम आणि रन वेगळी ठेवा, त्यांचं तिसरं रूप पहिल्यासारखंच. सुरुवात बी, हॅव, डू, से, गो, गेट, मेक, टेक, कम, सी यांपासून करा. रोज लागणारी ही सगळीच अनियमित आहेत.

नुसती रूपं म्हणू नका. प्रत्येक क्रियापद दोन चौकटींत म्हणा: 'यस्टरडे आय…' आणि 'आय हॅव नेव्हर…'. तिसरी चौकट 'आय डिडन्ट…', तिच्यात पहिलंच रूप. 'डिडन्ट वेन्ट' म्हणणाऱ्यांनी ही तिसरी चौकट कधी मोठ्यानं म्हणून पाहिलेलीच नसते.

मी व्याकरणाचा अभ्यासक नाही, बोलण्यातलं सांगतोय, परीक्षेसाठी तुमचं पुस्तक सांगेल तेच लिहा. आणि रीड लिहायला तिन्ही रूपांत सारखं असलं तरी म्हणायचं रीड-रेड-रेड. वाचून दाखवताना हमखास चुकतं.