आधी सातबारा, मग देश

परभणी जिल्ह्यातल्या सेलूच्या एका पोराने विचारलंय: मेकॅनिकलचं शेवटचं वर्ष, आतापर्यंत सीजीपीए 7.2, घरी सहा एकर कोरडवाहू, वडिलांच्या नावावर सेलूत एक प्लॉट. मास्टर्स बाहेर करायचंय. "जर्मनी फुकट आहे म्हणतात, पण एजंट यूके आणि कॅनडाचंच नाव घेतात. कुठला देश घेऊ?" मी जर्मनीत असतो, त्यामुळे तिकडचं जास्त बारकाईने लिहितोय. 1 युरोला 100 रुपये आणि 1 पौंडाला 120 रुपये असा ढोबळ भाव धरलाय.

देशाचा प्रश्न तू दोन महिन्यांनी घे. आधी बँक तुमच्या कुठल्या कागदावर किती पैसे देते ते काढ. सहा एकर शेती आहे म्हणून घरचे निवांत असतील, पण शैक्षणिक कर्जाला शेतजमीन सहसा तारण चालत नाही. कर्ज थकलं तर बँक ज्या सरफेसी कायद्याने जप्ती करते, त्यातून शेतजमीन वगळलेली आहे. म्हणून मॅनेजर सातबारा बघतो आणि बाजूला ठेवतो. पीककर्जाला चालतो तो कागद इथे चालत नाही, हे वडिलांना आधीच सांगून ठेव.

राहिला प्लॉट. सरकारी बँकेत साडेसात लाखांच्या वर गेलास की सहसा तारण लागतं, आणि परदेशासाठी 15 टक्के मार्जिन स्वतःचं घालावं लागतं. प्लॉटचा एनए (बिगरशेती) आदेश आहे का, ले-आउट मंजूर आहे का, खरेदीखत नोंदणीकृत आहे का, हे बघ. गुंठेवारीतला असेल तर नियमित करून घेतल्याचा दाखला लागतो. नुसता शंभराच्या बाँडवरचा व्यवहार असेल तर तो प्लॉट विसर. मराठवाड्यात आणखी एक गोम आहे ती इनामाची. मदतमाश, खिदमतमाश, देवस्थान अशा जमिनीवर पुढे प्लॉट पडलेले असतात आणि मूळ सातबाऱ्यावर 'भोगवटादार वर्ग 2', म्हणजे सरकारी परवानगीशिवाय व्यवहार न करता येणारी जमीन, असा शेरा लागलेला असतो. बँकेचा वकील सर्च रिपोर्ट, म्हणजे मालकीच्या जुन्या नोंदींचा अहवाल, काढतो तेव्हा हे वर येतं, आणि तोवर तुझं ॲडमिशन लेटर हातात असतं, फी भरायची तारीख आठ दिवसांवर असते. म्हणून बँकेच्या आधी गावातल्याच चांगल्या वकिलाकडून सर्च काढून घे. आजोबांच्या नावावरून वारस नोंद झालेली नसेल तर फेरफाराला वेळ जातो, तेही आत्ताच हाती घे.

दुसरं, वडिलांचा सिबिल. ते सहकर्जदार असणार. सोसायटीचं किंवा बँकेचं पीककर्ज दरवर्षी नवं-जुनं केलेलं असेल तर ठीक. थकल्यावर तडजोड करून भागवलेलं असेल तर अहवालात 'सेटल्ड' दिसतं आणि मॅनेजर तिथेच थांबतो. आईच्या किंवा नोकरीवाल्या चुलत्याच्या नावाने सहकर्जदार करता येतो, पण ते घरात बसून बोलायचं काम आहे, शेवटच्या आठवड्यात फोनवर होत नाही.

पंचवीस लाखांचं कर्ज साडेदहा टक्क्याने दहा वर्षांत फेडायचं तर हप्ता महिन्याला 33,700 रुपयांच्या आसपास बसतो. शिकत असताना हप्ता नसला तरी व्याज चढतंच: पूर्ण रक्कम उचललेली असेल तर महिन्याला 21,875. सरकारी बँक हे व्याज शेवटी मुद्दलात घालते, खासगी वित्त कंपन्या बहुतेक वेळा ते दर महिन्याला मागतात. तिकडे पोहोचून नोकरी न लागता परत आलास तर भारतातल्या पगारातून हा हप्ता कसा जाईल, ते कागदावर मांडून बघ. जो देश त्या हिशेबात बसत नाही तो सोड.

एक एकर विकून पैसे उभे करायचा विचार असेल तर प्रवेश हातात येईपर्यंत थांब. विकलीच तर व्यवहार पूर्ण रकमेचा, बँकेतून आणि खरेदीखतावर. अर्धे रोख घेतलेस तर ते पैसे व्हिसाला दाखवता येत नाहीत. स्वतःच्या पैशातून वर्षाला दहा लाखांच्या वर परदेशी पाठवलंस की टीसीएस (पैसे पाठवतानाच बँक घेते तो कर) कापला जातो, तो रिटर्न भरून परत मिळतो. बँकेच्या शैक्षणिक कर्जातून पाठवलेल्या रकमेवर तो लागत नाही.

आता जर्मनी. सरकारी विद्यापीठात बहुतेक राज्यांत ट्यूशन फी नाही, हे खरं. सत्राला शंभर ते साडेतीनशे युरो वर्गणी असते, तिच्यात बऱ्याच ठिकाणी बस-ट्रेनचा पास येतो. अपवाद लक्षात ठेव: बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात, म्हणजे स्टुटगार्ट, कार्लस्रूअ इथे, युरोपबाहेरच्यांना सत्राला 1,500 युरो. म्युनिकच्या टेक्निकल विद्यापीठाने 2024-25 पासून मास्टर्सला सत्रामागे 4,000 ते 6,000 युरो लावलेत. खासगी विद्यापीठं वेगळीच, त्यांची फी यूकेच्या वाटेने जाते. 'जर्मनी करून देतो' म्हणणारा एजंट बहुतेक वेळा खासगीच दाखवतो, कारण सरकारी विद्यापीठ कमिशन देत नाही. एजंट यूके-कॅनडा का सांगतात, याचंही उत्तर हेच. 'प्रोसेसिंग फ्री' असेल तर पैसे दुसऱ्या टोकाने येतात.

फुकट असली तरी खात्यात पैसे अडकवावे लागतात. ब्लॉक्ड अकाउंटमध्ये वर्षाचे 11,904 युरो, महिन्याला 992 प्रमाणे सुटणारे; हा आकडा 2024 च्या सप्टेंबरपासूनचा आहे, भरायच्या आधी दूतावासाच्या पानावर पुन्हा बघ. म्हणजे बारा लाख पहिल्याच दिवशी. दुसऱ्या वर्षी परवाना वाढवताना खर्चाची सोय परत दाखवावी लागते. आपल्याकडच्या काही शाखा फी थेट विद्यापीठाला पाठवायला तयार असतात, पण 'फी नाही, राहण्याच्या खर्चाचे पैसे व्हिसाआधी ब्लॉक्ड अकाउंटला पाठवा' म्हटलं की अडखळतात. मंजुरीपत्रात हे वाक्य लेखी घालून घे, नाहीतर कर्ज मंजूर असूनही पैसे निघत नाहीत.

पोहोचल्यावरचा गोंधळ ठरलेला आहे. महिन्याचे 992 युरो जर्मन बँक खाते उघडल्यावर सुटतात, खात्यासाठी बऱ्याच बँका पत्त्याची नोंदणी मागतात, आणि नोंदणीला घरमालकाची सही असलेला कागद लागतो. घरच मिळालं नसेल तर सगळी साखळी अडते. म्हणून पहिल्या सहा आठवड्यांसाठी दीड-दोन हजार युरो वेगळे, कार्डावर आणि थोडे रोख घेऊन ये. म्युनिकमध्ये 992 मध्ये भागत नाही. केम्निट्झ, माग्डेबुर्ग, इल्मेनाऊ अशा पूर्वेकडच्या गावांत भाडं उतरतं, विद्यार्थी विमा सगळीकडे दीडशे युरोंच्या जवळपास.

आता तुझे 7.2. इथले प्रवेश विभाग भारतीय गुण जर्मन श्रेणीत बदलतात, तिथे 1 सर्वांत चांगली आणि 4 काठावरची. सूत्र असं: सर्वोच्च गुणांतून तुझे गुण वजा कर, त्याला सर्वोच्च आणि उत्तीर्णतेचे गुण यांतल्या फरकाने भाग, तिनाने गुण आणि 1 मिळव. उत्तीर्णतेचा पॉइंट 4 धरला तर 2.8 भागिले 6, गुणिले 3, अधिक 1: येतात 2.4. तोच 5 धरला तर 2.8 भागिले 5, आणि उत्तर 2.68. बऱ्याच कोर्सेसची मर्यादा 2.5 असते, म्हणजे तेच 7.2 एकात आत आणि एकात बाहेर. तुझ्या विद्यापीठाचा उत्तीर्णतेचा किमान पॉइंट किती, हे मार्कशीटच्या मागे किंवा अध्यादेशात असतं. ते अधिकृत पत्रावर शिक्क्यासह घे आणि अर्जाला जोड, नाहीतर समोरचा आपल्या मनाने धरतो. शेवटच्या दोन सेमिस्टरना जोर लावून 7.4 केलेस तर अवघड बाजूनेही 2.56 येतात. 2.5 ची मर्यादा त्याने गाठली जात नाही, आणि जिथे 2.7 चालतं तिथे तू 2.68 नेही बसतोस, फक्त काठावर राहत नाहीस.

गुणांपेक्षा जास्त अर्ज विषय न जुळल्याने पडतात. कोर्सच्या पानावर गणित इतके क्रेडिट, यंत्ररचना इतके क्रेडिट असं लिहिलेलं असतं आणि ते तुझ्या अभ्यासक्रमाशी ओळीओळीने ताडून बघतात. पूर्ण सिलॅबसची प्रत तयार ठेव. कॉलेज परभणी-नांदेडकडचं असलं तरी संलग्नता लोणेऱ्याच्या तंत्रशास्त्र विद्यापीठाशी असेल तर ट्रान्सक्रिप्ट रायगड जिल्ह्यातून यायचंय, परीक्षा संपायची वाट न बघता त्यांची पद्धत विचारून घे.

2022 च्या नोव्हेंबरपासून भारतीयांना एपीएस प्रमाणपत्र (आपले शैक्षणिक कागद खरे असल्याची जर्मन बाजूने केलेली तपासणी) सक्तीचं आहे, फी 18,000 रुपये. ते आल्याशिवाय विद्यापीठ किंवा व्हिसा पुढे सरकत नाही, म्हणून हेच सगळ्यांत आधी. युनि-असिस्ट (बऱ्याच विद्यापीठांचे अर्ज एकत्र घेणारी संस्था) मार्फत अर्ज असेल तर पहिल्याला 75 युरो, त्याच सत्रातल्या पुढच्या प्रत्येकाला 30. ऑक्टोबरच्या सत्रासाठी 15 जुलै ही तारीख सगळे सांगतात, पण युरोपबाहेरच्यांना बऱ्याच कोर्सेसची मुदत मार्च ते मे मध्येच संपते.

काम वर्षाला 140 पूर्ण किंवा 280 अर्धे दिवस करता येतं, 2026 च्या जानेवारीपासून किमान ताशी 13.90 युरो. पदवीनंतर 18 महिने नोकरी शोधायला. इथे मात्र मेकॅनिकलवाल्याला स्पष्ट सांगतो: कोर्स इंग्रजीत, कारखाना जर्मनमध्ये. जर्मन भाषेच्या बी2 पातळीशिवाय (पायऱ्या ए1, ए2, बी1, बी2 अशा चढत जातात) मुलाखतीपर्यंत जाणं कठीण, आणि वाहन उद्योग सध्या आवळतोय. फोक्सवॅगनने 2024 च्या डिसेंबरात 2030 पर्यंत 35,000 हून जास्त जागा कमी करायचा करार केलाय. ए1-ए2 निघायच्या आधी घरी बसून संपव. तेवढी तयारी नसेल तर जर्मनी तुझ्यासाठी स्वस्त पडत नाही.

यूकेचं गणित वेगळं. मास्टर्स एका वर्षात होतं, हा मोठा फायदा. फी 18,000 पौंड धर, लंडनबाहेर महिन्याला 1,171 प्रमाणे नऊ महिन्यांचे 10,539 दाखव, आरोग्य अधिभार वर्षाला 776 पण व्हिसा सोळा महिन्यांचा म्हणून दीड वर्षाचा 1,164, आणि व्हिसाचे पाचशेच्या वर. बेरीज 30,000 च्या पुढे, म्हणजे 36 लाख. दाखवायची रक्कम खात्यात सलग 28 दिवस असावी, एक दिवस जरी खाली गेली तरी नकार. कर्जाचं मंजुरीपत्र असेल तर ही अट नाही. शिक्षणानंतर तिथे राहून काम करायला मिळणारी दोन वर्षं 1 जानेवारी 2027 पासूनच्या अर्जांना 18 महिने होतात, तू त्यातच येशील. पुढे कामाच्या व्हिसाला सर्वसाधारण पगार 41,700 पौंड लागतो, नवख्यांना 33,400. नव्या पदवीधर मेकॅनिकलवाल्याला एवढा पगार आणि वर प्रायोजक कंपनी, दोन्ही दीड वर्षात मिळवायचं. तारण भक्कम नसेल तर मी यूके सुचवणार नाही.

कॅनडात 2025 च्या सप्टेंबरपासून पहिल्या वर्षाच्या खर्चासाठी फी सोडून 22,895 कॅनेडियन डॉलर दाखवायचे. विद्यापीठाच्या मास्टर्सनंतर तीन वर्षांचा काम परवाना मिळतो, हे जर्मनी-यूकेपेक्षा चांगलं. पण कॉलेजच्या डिप्लोमाला जाऊ नकोस. 2024 च्या नोव्हेंबरपासून तिथे विषयानुसार काम परवाना अडतो, आणि एजंट विकतात तेच. ऑस्ट्रेलियात व्हिसा फीच 2,000 ऑस्ट्रेलियन डॉलर, नाकारला तरी परत नाही, शिवाय वर्षाचे 29,710 दाखवायचे. अमेरिकेत ओपीटीचं (पदवीनंतर कामाची मुभा) एक वर्ष आणि अभियांत्रिकीला वरची दोन, पण त्यापुढे एच-1बी या कामाच्या व्हिसाच्या 85,000 जागांची सोडत. तारणाशिवाय तिकडचं कर्ज घेऊ नये.

'फंड दाखवून देतो, व्याज भरा' म्हणणारे सगळ्या जिल्ह्यांत आहेत. खोटा कागद सापडला तर यूके दहा वर्षं, कॅनडा पाच वर्षं दार बंद करतं.

पासपोर्टही आत्ता उघडून बघ. मार्कशीटवर आडनाव-नाव-वडिलांचं नाव आणि पासपोर्टवर फक्त नाव-आडनाव असेल तर प्रतिज्ञापत्र मागतात. वडिलांचं नाव 'गिव्हन नेम'मध्ये असलं की प्रश्न मिटतो. जन्म औरंगाबाद किंवा उस्मानाबादचा असेल तर पासपोर्टवरचं जुनं नाव बदलायच्या फंदात पडू नकोस, विचारलं तर नामांतराच्या राजपत्राची प्रत जोड. अनुसूचित जाती किंवा नवबौद्ध असशील तर राजर्षी शाहू महाराज परदेशी शिष्यवृत्ती, मराठा-कुणबी असशील तर सारथी संस्थेची, दोन्हींच्या जाहिरातीवर नजर ठेव. जातवैधता अजून काढलेली नसेल तर आजच अर्ज टाक, हाच कागद ऐनवेळी अडतो.

तुझ्या परिस्थितीत, प्लॉटचा कागद स्वच्छ निघाला आणि जर्मन शिकायची तयारी असली तर पूर्व जर्मनीतली पाच-सहा सरकारी विद्यापीठं. प्लॉट अडला तर एक-दोन वर्षं पुण्यात किंवा वाळूजला नोकरी, सोबत बी1, आणि मग तेच अर्ज. वकिलाने सर्चमध्ये काय काढलं आणि किमान पॉइंट 4 निघाला की 5, तेवढं कळव, त्यावर कोर्सेसची नावं काढू.