कृत्रिम सांध्याचे 'घर्षण' होते की 'झीज'?

एरंडवण्यातील एका वाचक भगिनींनी विचारले आहे की, खुबा बदललेल्या रुग्णांसाठी माहितीपत्रक लिहिताना 'टायटॅनियमच्या सांध्याचे कालांतराने घर्षण होते' हे वाक्य चालेल का, की 'झीज होते' म्हणावे, की 'क्षय' अधिक प्रौढ दिसेल?

येथे 'झीज' हाच शब्द हवा. घर्षण म्हणजे दोन पृष्ठभाग एकमेकांवर सरकताना होणारा विरोध. झीज म्हणजे त्यांपैकी एकाच्या वा दोन्हींच्या अंगचे द्रव्य कमी होणे. सहाणेवर चंदन उगाळताना घर्षण दोघांनाही सारखेच जाणवते, पण झिजते ते मुख्यतः चंदन. घर्षण कमी असले म्हणजे झीजही कमीच, असेही नाही. इंग्लंडमध्ये अस्थिशल्यचिकित्सक जॉन चार्नली यांनी खुब्याच्या वाटीसाठी प्रथम टेफ्लॉन वापरले, कारण त्याचे घर्षण फारच कमी. परंतु ते इतक्या झपाट्याने झिजले की १९६२ च्या सुमारास त्यांना पॉलिएथिलीन या दुसऱ्या प्लॅस्टिककडे वळावे लागले. हा इतिहास ठाऊक असलेला शल्यचिकित्सक हे दोन शब्द एकमेकांच्या जागी वापरू देणार नाही.

'टायटॅनियमचा सांधा' या शब्दप्रयोगाकडेही पुन्हा पाहावे. सुमारे ६ टक्के ॲल्युमिनियम आणि ४ टक्के व्हॅनेडियम असलेल्या नेहमीच्या टायटॅनियम मिश्रधातूवर काही नॅनोमीटर जाडीचा ऑक्साइडचा थर असतो आणि तो शरीरातील द्रवांपासून धातूचे उत्तम रक्षण करतो; मात्र घासले गेल्यावर तो फाटतो, उघडा पडलेला धातू समोरच्या पृष्ठभागाला चिकटतो आणि सुटलेले कण आणखी ओरखडे काढतात. म्हणूनच मांडीच्या हाडात बसवायचा दांडा टायटॅनियमचा असला, तरी वाटीत फिरणारा गोळा सहसा कोबाल्ट-क्रोमियमचा किंवा सिरॅमिकचा असतो. गोळा दांड्यावर जेथे घट्ट बसतो, तेथेही मायक्रोमीटरांत मोजावी अशी हालचाल होऊन धातू झिजतो; या प्रकाराला 'कंपझीज' म्हणावे, असे मी सुचवेन.

आता 'क्षय'. 'झिजणे' हे प्राकृत 'झिज्जइ'मार्गे संस्कृत 'क्षीयते'पासूनच आलेले असल्याने दोन्ही शब्द एकाच कुळातले आहेत. पण 'सांध्याचा क्षय' वाचून रुग्णाला क्षयरोगच आठवेल आणि तो विनाकारण घाबरेल, म्हणून हा शब्द कटाक्षाने टाळावा. 'क्षरण' धातूंच्या गंजण्यासारख्या रासायनिक क्रियेसाठी शालेय पुस्तकांत रूढ आहे, तेव्हा तोही येथे नको.

पत्रकात पुढील वाक्य घालता येईल: 'कृत्रिम सांध्याचे एकमेकांवर घासणारे भाग, विशेषतः वाटीचे प्लॅस्टिकचे अस्तर, हळूहळू झिजतात; या झिजेतून सुटलेल्या सूक्ष्म कणांमुळे भोवतालचे हाड विरघळू लागून सांधा सैल होऊ शकतो, म्हणून वेदना नसल्या तरी ठरलेल्या वेळी तपासणी करून घ्यावी.'