परदेशातली वापरलेली मोटरहोम आणायची, तर आधी काय बघायचं: आयात, नोंदणी की विमा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: परदेशात एक वापरलेली मोटरहोम, म्हणजे आत राहायची सोय असलेली गाडी, पसंत पडली आहे, ती आपल्या देशात आणून नोंदवायची आहे, तर कामांचा क्रम काय ठेवायचा आणि माणूस फसतो कुठे.

हा उद्योग मी दोनदा केलाय. पहिल्या खेपेला सरळ क्रमाने गेलो. गाडी आवडली, पैसे दिले, आणली, नोंदणीच्या मागे लागलो आणि सगळ्यात शेवटी विम्यासाठी फोन फिरवले. सात महिने गेले. दुसऱ्या खेपेला बरोबर उलटं केलं आणि पाच आठवड्यांत गाडी रस्त्यावर होती. तेव्हा माझं उत्तर सरळ आहे: पहिला फोन विमा कंपनीला, आणि तोही बयाणा देण्याआधी.

पहिल्या वेळची कोंडी सांगतो म्हणजे कारण कळेल. नोंदणीच्या खिडकीवर म्हणाले, विम्याचा कागद आणा. विमावाले म्हणाले, नोंदणी क्रमांक द्या. तो नाही म्हटल्यावर त्यांच्या संगणकावरचा रकानाच पुढे सरकेना. तेवढ्यात गाडी कुणाच्या तरी आवारात उभी, आणि त्या जागेचं भाडं रोज वाढतंय. याला तोड असते, पण ती आपण मागितल्याशिवाय कुणी देत नाही. बऱ्याच ठिकाणी नुसत्या चासी क्रमांकावर काही दिवसांचं कव्हर मिळतं. फोनवर अगदी असंच विचारा: 'चासी क्रमांकावर किती दिवस कव्हर देता, आणि तेवढ्यात नोंदणी झाली नाही तर मुदत वाढवता का?' हो म्हणाले तर ते ईमेलवर घ्या. फोनवरच्या 'हो'ची किंमत क्लेमच्या दिवशी शून्य असते.

विमा कंपनी उलट जे प्रश्न विचारते, तीच खरं तर गाडी तपासायची यादी आहे. स्टिअरिंग कुठल्या बाजूला? मोटरहोम कारखान्यात बनली की कुणी मालवाहू व्हॅनमध्ये स्वतः पलंग-ओटा ठोकलाय? कागदावर तिचा वर्ग काय? सुटे भाग इथे मिळतात का? दोन कंपन्यांनी मला नुसत्या डाव्या स्टिअरिंगवर नकार दिला होता. आधी विचारलं असतं तर ती गाडी मी घेतलीच नसती.

आता नोंदणी. इथे लोकांच्या लक्षात न येणारी गोष्ट म्हणजे मोटरहोम दोनदा जन्मते. फियाट, फोर्ड, मर्सिडीज यांच्यापैकी कुणीतरी चासी आणि इंजिन बनवतं, आणि दुसराच कारखाना त्यावर घर बांधतो. त्यामुळे पाट्या दोन, आणि तारखाही दोन. माझ्या दुसऱ्या गाडीत टॉर्च घेऊन पाहिलं, तर इंजिनाच्या बाजूची पाटी चासीवाल्याची आणि तिच्याशेजारी घर बांधणाऱ्याची. दोन्हींवर कमाल वजन वेगवेगळं. चासीचं उत्पादन एका वर्षाच्या नोव्हेंबरातलं, पहिली नोंदणी पुढच्या वर्षीच्या मे महिन्यातली. विकणारा अर्थातच मे सांगत होता. जिथे वयाची अट उत्पादनाच्या तारखेपासून मोजतात, तिथे हे सहा महिने गाडी आत की बाहेर एवढं ठरवू शकतात.

वयाच्या अटी तर गमतीशीर आहेत. अमेरिकेत परदेशी गाडी २५ वर्षांची झाली की तिथल्या सुरक्षा मानकांतून सुटते, कॅनडात १५ वर्षांनीच. म्हणजे तिथे जुनी गाडी आणणं सोपं आणि मधल्या वयाची आणणं जवळपास अशक्य. भारतात नेमकं उलट: वापरलेली गाडी उत्पादनापासून ३ वर्षांपेक्षा जुनी चालत नाही, स्टिअरिंग उजवीकडे हवं आणि दिवे डावीकडून चालणाऱ्या वाहतुकीला जुळणारे हवेत. या चाळणीतून वापरलेल्या मोटरहोम फारच थोड्या उरतात. नुसतं फिरून परत जायचं असेल तर आयात करूच नका. 'कार्ने द पासाज' नावाचा कस्टमचा परवाना-पास घ्या. त्यात कर भरायचा नसतो, हमी ठेवायची असते आणि गाडी मुदतीत बाहेर न्यायची असते. त्यावर आणलेली गाडी विकता मात्र येत नाही.

युरोपातल्या गाडीसाठी सगळ्यात मोलाचा कागद म्हणजे अनुरूपता प्रमाणपत्र, म्हणजे ही गाडी युरोपीय मानकांनुसार बनली आहे असं बनवणाऱ्याने दिलेलं पत्र. मोटरहोमच्या बाबतीत घर बांधणाऱ्याचं, म्हणजे पूर्ण झालेल्या गाडीचं प्रमाणपत्र लागतं. नुसत्या चासीचं दाखवून काम भागत नाही. विकणाऱ्याकडे नसेल तर चासी क्रमांक देऊन कारखान्याकडून मागवता येतं, पण पैसे आणि आठवडे दोन्ही जातात. कारखाना बंद पडलेला असेल तर एकेक गाडी तपासून मान्यता देणाऱ्या चाचणीला सामोरं जावं लागतं. मी असतो तर ती गाडी सोडून दिली असती.

अमेरिकन गाड्यांचा मोह अनेकांना होतो. आतून त्या खरंच राजवाडे असतात. पण तिथे रुंदीची मर्यादा १०२ इंच, म्हणजे सुमारे २.५९ मीटर. युरोपात २.५५ मीटर. चार सेंटीमीटरचा फरक, आणि तो रंधा मारून काढता येत नाही! शिवाय मागचे वळणाचे दिवे तिथे लाल चालतात, युरोपात पिवळेच लागतात. घरातली वीज १२० व्होल्टची, त्यामुळे २३० व्होल्टच्या देशात चार्जर, एसी, मायक्रोवेव्ह सगळ्यांचा विचार नव्याने करायचा.

युरोपातून ब्रिटनसारख्या डावीकडून चालणाऱ्या देशात नेत असाल तर बदल कमी आहेत, पण ते टळत नाहीत. डाव्या स्टिअरिंगच्या गाडीचा लो बीम, म्हणजे खाली झुकवलेला झोत, उजवीकडे उचललेला असतो. तोच डावीकडून चालणाऱ्या रस्त्यावर समोरच्याच्या डोळ्यात जातो. दिव्याच्या काचेवर लावायच्या पट्ट्या पर्यटकाला चालतात, नोंदणीला दिवेच बदलावे लागतात. मागचा धुक्याचा दिवा मध्ये किंवा उजवीकडे हवा आणि स्पीडोमीटरवर मैल दिसायला हवेत. ब्रिटनमध्ये गाडी पोहोचल्यापासून १४ दिवसांत करखात्याला कळवावं लागतं, आणि ते झाल्याशिवाय नोंदणीचा अर्ज पुढे जात नाही. हे १४ दिवस लोक हटकून विसरतात. आणि एक बारीक गोष्ट: घराचं दार उजवीकडे असेल तर डावीकडून चालणाऱ्या देशात ते थेट वाहतुकीत उघडतं. नियमात हे बसतंही, पण रस्त्याकडेला थांबल्यावर मुलांना उतरवताना जीव वरखाली होतो.

वजनाबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण नोंदणी, लायसन्स आणि विमा तिन्ही त्यावर टांगलेले आहेत. युरोपात साध्या कारच्या लायसन्सवर ३,५०० किलोपर्यंत चालवता येतं, म्हणून असंख्य मोटरहोमचं कागदावरचं कमाल वजन नेमकं ३,५०० किलो असतं. त्यातून गाडीचं तयार वजन, म्हणजे निघायला तयार पण माणसं-सामान न भरलेल्या गाडीचं वजन, वजा करा. समजा ते ३,०८० आहे, तर उरले ४२०. तयार वजनात माणसांपैकी फक्त चालक ७५ किलोचा धरलेला असतो. तिघे सोबती, सायकली, छत्री, जादाची बॅटरी, सोलर पॅनल असं करत ४२० कधी संपतात कळत नाही. आधीच्या मालकाने बसवलेल्या वस्तू तर कागदावर नसतातच. म्हणून घेण्याआधी गाडी वजनकाट्यावर घ्या, पाण्याची टाकी भरलेली असताना. जास्त वजनाने अपघात झाला तर विमा कंपनीच्या हातात आयतं कोलीत मिळतं. झोपायच्या जागा सहा आणि पट्टे असलेल्या सीटा चार, असंही सर्रास असतं. मोजायच्या त्या पट्ट्याच्या सीटा.

करांचं गणित कोरडं आहे, पटकन सांगतो. बऱ्याच देशांत कस्टम ड्यूटी नुसत्या किमतीवर नसते, किंमत अधिक वाहतूक अधिक वाहतुकीचा विमा यांवर बसते आणि त्या सगळ्या बेरजेवर पुन्हा व्हॅट किंवा जीएसटी. बाहेरून युरोपीय संघात आणताना ड्यूटीचा दर सर्वसाधारणपणे १० टक्के. संघातल्या संघात ड्यूटी नाही, पण ६ महिन्यांपेक्षा नवी किंवा ६,००० किलोमीटरपेक्षा कमी चाललेली गाडी करासाठी 'नवी' धरतात. यांतली एक गोष्ट लागू झाली तरी पुरे, आणि मग व्हॅट नव्या देशात भरायचा. मोटरहोम वर्षाला दोनच महिने बाहेर पडते, म्हणून दोन वर्षांची गाडीसुद्धा किलोमीटरच्या अटीत अडकू शकते. तुम्ही कायमचे राहायला परतत असाल तर मात्र आधी निवासबदलाच्या सवलतीची चौकशी करा. युरोपीय संघात त्यासाठी बाहेर किमान १२ महिने वास्तव्य, गाडी किमान ६ महिने तुमच्या वापरात, आणि आणल्यावर १२ महिने विकायची नाही, अशा अटी आहेत.

आता गाडीजवळ या. चासी क्रमांक १७ अक्षरांचा असतो आणि त्यात इंग्रजी आय, ओ आणि क्यू ही अक्षरं कधीच नसतात. माझ्या पहिल्या गाडीच्या बिलावर विकणाऱ्याने शून्याच्या जागी ओ टाइप केला होता. तोच बिलावरून वाहतुकीच्या कागदावर, तिथून कस्टमच्या अर्जावर, तिथून विम्यावर गेला. एका अक्षरापायी चार कागद नव्याने करावे लागले. आता मी पाटीचा फोटो काढतो, धातूवर ठोकलेल्या क्रमांकाचाही काढतो आणि प्रत्येक कागद हातात आला की बोट ठेवून सतरा अक्षरं मोठ्याने वाचतो. लोक बघतात. बघू देत.

मालकीबद्दल एवढंच: नोंदणीचा कागद म्हणजे मालकीचा पुरावा, हे सगळीकडे खरं नाही. ब्रिटनच्या नोंदणीपत्रावर तसं स्पष्ट छापलेलंच आहे. जर्मनीत कागद दोन भागांचा असतो आणि गाडीवर कर्ज असेल तर दुसरा भाग बहुधा बँकेकडे असतो. 'भाग दोन पोस्टाने पाठवतो' म्हणणाऱ्याला 'पैसेही पोस्टानेच पाठवतो' म्हणावं. जर्मनीतून चालवत आणणार असाल तर उजवीकडे लाल पट्टी आणि त्यावर मुदतीची तारीख असलेली निर्यातीची नंबरपाटी घ्या. पिवळ्या पट्टीची ५ दिवसांची पाटी स्वस्त पडते, पण ती जर्मनीबाहेर सगळीकडे मानत नाहीत, आणि मानली नाही म्हणजे तुम्ही विम्याविना चालवताय.

तपासणीत इंजिनापेक्षा ओलीला जास्त वेळ द्या. इंजिन दुरुस्त होतं, कुजलेली भिंत बांधून काढावी लागते. ओलावा मोजायचं यंत्र खिडक्यांच्या खालच्या कोपऱ्यांत, छताच्या खिडकीभोवती आणि कपाटांच्या आतून लावा. टायरवर चार आकडे असतात. २३१६ म्हणजे २०१६ सालचा २३ वा आठवडा. नक्षी नवी दिसली तरी उभ्या गाडीचे टायर म्हातारे होतात. गॅसचा दाबही वाचा: जुन्या जर्मन मोटरहोममध्ये तो ५० मिलीबारचा असे, नंतरच्यांत ३० चा. रेग्युलेटर एकाचा आणि शेगडी दुसऱ्याची, असं चालत नाही. बोटीने पाठवणार असाल तर सिलिंडर काढून ठेवावे लागतात आणि आतल्या सुट्या सामानाला बहुधा कव्हर नसतं.

शेवटी पुन्हा विमा, या वेळी कायमचा. 'बाजारभाव' पॉलिसी अशा गाडीला घातक. तुमच्या देशात तिच्यासारखी दुसरी विकलीच गेली नसेल तर बाजारभाव ठरवणार कोण? त्यांचा सर्व्हेयर, म्हणजे नुकसान मोजणारा माणूस. म्हणून आधीच ठरवून लिहिलेल्या किमतीची पॉलिसी मागा आणि त्यासाठी बिल, ड्यूटीची पावती, वाहतूक खर्च, दिवे बदलल्याचं बिल, आतले-बाहेरचे फोटो एका फाइलीत द्या. हळूहळू मुरलेली ओल बहुतेक पॉलिसींत वगळलेली असते, ते वाचून घ्या. आणि समोरची काच एकसंध मोठी असलेली गाडी असेल तर काचेच्या कव्हरला रकमेची मर्यादा आहे का विचाराच. ती काच गल्लीतल्या दुकानात मिळत नाही, कारखान्याकडून मागवावी लागते. माझी यायला नऊ आठवडे लागले होते, आणि कव्हरची मर्यादा काचेच्या निम्म्या किमतीलाच संपली होती.