जुळी आहेत म्हटल्यावर व्हिटॅमिन डी बघूनच घे गं

अगं पहिलं काम म्हणजे पुढच्या चेकअपला डॉक्टरबाईंना २५ हायड्रॉक्सी व्हिटॅमिन डी ची, म्हणजे रक्तातलं डी मोजायची टेस्ट करायची का विचार, एका एमएलला २० नॅनोग्रॅमच्या खाली आलं तर कमी धरतात. पोटातल्या बाळांना डी मिळतं ते तुझ्याकडूनच, तुझं कमी तर दोघांचंही कमी, त्यात जुळी बऱ्याचदा लवकर होतात नि वजनानं लहान असतात म्हणून मी एवढं मागं लागतेय.

आपल्याकडं बेळगाव खानापूरला जून ते सप्टेंबर ऊन दिसतंय कुठं, आणि काचेच्या खिडकीतनं आलेल्या उन्हानं डी तयार होत नाही बघ. पण म्हणून शेजारणीनं सांगितलं नि ६०,००० युनिटचं डी चं पाकीट मेडिकलातनं आणून घेतलं असं अजिबात करू नकोस, डोस डॉक्टरच ठरवणार.

बाळं झाल्यावर दोघांना वेगवेगळे ४०० युनिट रोज, आईच्या दुधात डी फार कमी असतं. ड्रॉपची बाटली नीट वाच, काहीत एका एमएलला ४०० असतं, काहीत ८००, बाटली बदलली की माप बदलतं. लवकर झालेली असतील तर डोस बाळांच्या डॉक्टरांनाच विचार. आणि सासूबाई अंधाऱ्या खोलीत बाज टाकतील तेव्हा ड्रॉप कोण कुणाला देणार ते आधीच ठरवा, एकाला दोनदा नि दुसऱ्याला काहीच नाही असं सहज होतंय.